धुराचा हिशेब

आमच्या यावल तालुक्यात थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात. बामणोदची मोठमोठी हिरवी वांगी आणायची, शेताच्या बांधावर वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात खरपूस भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून कांद्याची पात, हिरवी मिरची आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली पोरे या एका जेवणासाठी रात्रीची गाडी पकडून भुसावळला उतरतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे खानदेशात कोणीही शपथेवर सांगेल. पऱ्हाट्यांचा धूर वांग्यात मुरावा लागतो. तो थोडा डोळ्यांतही जातो, माणसे ठसकतात, हसतात, जागा बदलून बसतात. मीही साठ वर्षे तसाच हसत ठसकत आलो आहे.

तोच धूर माझ्या आईच्या छातीत चाळीस वर्षे मुरत होता, हे मात्र मला फार उशिरा कळले.

आमचे घर धाब्याचे. स्वयंपाकघर आतल्या बाजूला, त्याला खिडकी नाही, वर धूर जायला हातभर भोक. पावसाळ्यात तेही पत्र्याने झाकलेले. कपाशी निघाली की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या आणि बारमाही गोवऱ्या, असा आमच्या चुलीचा आहार होता. आई पहाटे उठून चूल पेटवी. ओल्या तुराट्या पेटत नसत, मग फुंकणी. आखाजीला खापरावरचे मांडे करायचे असले की दोन-तीन तास ती त्या जाळासमोरून हलत नसे. पुरणाचा मांडा कोपरापर्यंत हातांवर झेलत खापरावर टाकणारी आई आम्हा मुलांना जादूगारासारखी वाटायची. तिचे डोळे लाल झालेले असत. पदराने ते पुसत ती म्हणे, ‘‘चुलीचा धूर आहे, त्याला काय होतं?’’

पन्नाशीच्या आधीच तिचा खोकला सुरू झाला. आधी हिवाळ्यात, मग बारा महिने. मग विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा थांबणे. मग रात्री उशा रचून बसून झोपणे. घरात त्याला एकच नाव होते, दमा. अडुळशाचा काढा झाला, गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शने झाली. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात, तिथेही वडील तिला घेऊन गेले. घरात मांस-मच्छी वर्ज्य. आईने डोळे मिटून तोही मासा गिळला. शेवटी मी तिला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, बिडी-सिगारेट? नाही. मिश्री, तपकीर? नाही. त्यांनी केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ असे लिहिले, खाली ‘दमा’ लिहिले आणि गोळ्या दिल्या. आई १९९६ च्या हिवाळ्यात गेली. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. आज मी तिच्यापेक्षा वयाने मोठा आहे.

त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना पुस्तकात जे शिकवले होते ते त्यांनी विचारले. हा आजार ओढणाऱ्यांचा, असे तेव्हाची पुस्तके म्हणत. बाई ओढत नाही, म्हणजे तो आजार नाही, म्हणजे दमा. हिशेब संपला.

पण हिशेबात एक रक्कम धरलीच गेली नव्हती. ती शोधून काढण्यात ज्यांची कारकीर्द गेली, त्यांतल्या एका पुणेकर संशोधकाबद्दल मला आज सांगायचे आहे. त्यांचे नाव डॉ. संदीप साळवी. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. माझ्या डॉक्टर भाच्याने काही वर्षांपूर्वी त्यांचा एक शोधनिबंध माझ्यासमोर ठेवला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे तक्ते आणि टक्केवारी वाचायची भीती वाटत नाही. बाकीचे त्याने समजावले.

‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली तो प्रसिद्ध झाला. डॉ. साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी मिळून तो लिहिला आहे. विषय होता, धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडी. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका हळूहळू आणि कायमच्या अरुंद करणारा, फुप्फुसातले हवेचे फुगे नासवणारा जुनाट आजार. आपण त्यालाही दमाच म्हणतो, पण तो दमा नव्हे. दम्यात श्वासनलिका सुजतात, आकसतात आणि औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो नि जातो. सीओपीडी चाळिशीनंतर चोरपावलांनी येतो आणि गेलेली जागा परत देत नाही. जगभरचे अभ्यास तपासून या दोघांनी मांडले की, सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज, तर लाकूड, शेण, काटक्या जाळून निघणाऱ्या धुरात जगणारे सुमारे तीन अब्ज. म्हणजे जगाच्या पाठीवर या आजाराचे सर्वांत मोठे कारण कदाचित सिगारेट नसून चूल असावी.

ते पान वाचताना मला केसपेपरवरचा तो ‘नाही’ आठवला.

खरे तर ही नोंद आपल्याच देशात फार आधी झाली होती. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या विकारामुळे हृदय निकामी झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला होता. पुरुषांत ओढणारे पुष्कळ, बायकांत अगदी थोड्या, तरी आजार मात्र बायकांनाही पुरुषांच्या बरोबरीने. मुलगी कळती झाल्यापासून चुलीपुढे बसते, त्या धुराकडे त्यांनी तेव्हाच बोट दाखवले. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायका किती धूर ओढतात हे मोजले. स्वयंपाकघरातली उघडी चूल म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळणे, अशी तुलना ते करीत. या दोघांचेही निधन २०२० मध्ये झाले. १९५९ ला माझी आई चोवीस वर्षांची होती. कागदावर उत्तर आलेले होते, ते आमच्या गावापर्यंत पोचायला पन्नास वर्षे लागली.

डॉ. साळवींची वाट चुलीपासून सुरू झाली नाही. ती सुरू झाली डिझेलच्या धुरापासून. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात, दम्याचे मोठे अभ्यासक स्टीफन होलगेट यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. त्यातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. पंधरा निरोगी, धूम्रपान न करणारी माणसे एका बंद खोलीत तासभर बसवली आणि खोलीत मोजून मापून डिझेल इंजिनाचा पातळ केलेला धूर सोडला. सहा तासांनी त्यांच्या फुप्फुसात नळी घालून आतले नमुने घेतले. फुंकून करायच्या नेहमीच्या चाचणीत या माणसांत काहीही बिघाड दिसला नाही. आत मात्र सूज होती, रक्तातही तिच्या खुणा होत्या. हा निबंध १९९९ चा. त्याचा अर्थ माझ्यासारख्याला इतकाच कळतो, की धूर लागल्याचे माणसाला कळण्याच्या कितीतरी आधी शरीराला कळलेले असते.

परदेशात चांगले बस्तान बसलेले असताना ते पुण्याला परतले. तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि नंतर प्युअर फाउंडेशन ही संस्था उभी केली. त्यांच्या तिथल्या कामाचा मला भावलेला गुण म्हणजे त्यांनी आपल्या घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. संध्याकाळी दारे-खिडक्या लावून आपण डासांची कॉइल लावतो. आमच्या केळीच्या पट्ट्यात डास भरपूर, त्यात वीज गेली की पंखाही बंद. बंद खोलीत जळणारी एक कॉइल सूक्ष्म कणांच्या हिशेबात शंभराच्या आसपास सिगारेटींइतका धूर सोडते. ज्या खोलीत आजोबांनी बिडी पेटवली तर सून नाक मुरडेल, त्याच खोलीत नातवाच्या पाळण्याखाली कॉइल जळत असते. दिवाळीच्या फटाक्यांचेही तसेच. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना घेऊन २०१६ साली त्यांच्या संस्थेने निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत घातक ठरली ती नागगोळी. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण सगळ्यांत लहान पोराच्या हातात देतो, ती.

आता आकड्यांकडे येतो. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत, ७,४०० डॉक्टरांच्या दवाखान्यांत आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या तक्रारी त्यांच्या चमूने नोंदवल्या. निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण श्वसनाची काही ना काही तक्रार घेऊन आले होते. आपण रक्तदाब आणि मधुमेहाविषयी एवढे बोलतो. दवाखान्याच्या बाकावर मात्र खोकला बसलेला असतो.

दुसरा आकडा २०१८ सालचा. देशभरच्या अनेक संशोधकांनी मिळून केलेल्या या अभ्यासात डॉ. साळवी अग्रभागी होते. १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. यातली काही वाढ लोकसंख्येची आणि वाढत्या वयाची, हे खरे. पण पुढचा आकडा पाहा. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, श्वसनाच्या जुनाट आजारांनी जगावर जे ओझे पडते त्यात मात्र ३२ टक्के. आणि आपल्याकडच्या सीओपीडीच्या ओझ्याचे कारण शोधले तर घरातली आणि बाहेरची प्रदूषित हवा ५३.७ टक्के, तंबाखू २५.४ टक्के, कामाच्या जागची धूळ-धूर १६.५ टक्के. बिडी निर्दोष आहे असे कोणी समजू नये. चौथा हिस्सा तिच्या नावावर आहेच. पण निम्म्याहून मोठी रक्कम ज्या खात्यावर आहे, ते खाते आपण उघडलेलेच नव्हते.

खाते न उघडणाऱ्यांत मीही होतो. १९८० च्या दशकात मी खेड्यातल्या शाखेत शेतीकर्जे बघत असे. गोबरगॅससाठी सरकारी अनुदान होते आणि बँक कर्ज देई. त्याचे अर्ज मी स्वतः तपासले आहेत. जनावरे किती, शेण किती, खत किती निघेल, सरपण किती वाचेल, हप्ता कसा फिटेल, सगळ्याला रकाने होते. घरातली बाई रोज किती तास धुरात बसते, हा रकाना नव्हता. माझ्याही डोक्यात तो कधी आला नाही. एखादा संयंत्रखड्डा कोरडा पडला की मी वसुलीच्या नोटिसा काढी. संध्याकाळी घरी येई, तर आई चुलीपुढे खोकत असे. आमच्याकडे तीन म्हशी होत्या. गोबरगॅस बसला असता. वडील म्हणाले, शेणाच्या गॅसवर नैवेद्य कसा करायचा? आणि मी, दुसऱ्यांना पटवून देणारा अधिकारी, गप्प बसलो.

लेखक म्हणूनही मी काही वेगळे केले नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत एक खोकणारी म्हातारी आहे. पहाटेचा प्रसंग आला की ती खोकते. समीक्षकांनी ग्रामीण वातावरण जिवंत झाले म्हणून कौतुक केले. ती का खोकते, हे मी कोणाला विचारायला लावले नाही. आमच्या बहिणाबाईंच्या ओव्यांत चुलीचे चटके आहेत. चटका लगेच कळतो, त्याची कविता होते. धूर चाळीस वर्षांनी कळतो, त्याला मोजणाराच लागतो.

निवृत्तीनंतर मी पुन्हा यावलला राहायला आलो. थोरले भाऊ आणि वहिनी त्याच घरात आहेत. घरात गॅस येऊन तीस-पस्तीस वर्षे झाली. तरी भाकरी चुलीवरची, आणि आंघोळीचे पाणी मागच्या पडवीत पऱ्हाट्यांवर तापवलेले. ‘‘गॅस महाग आहे, पऱ्हाट्या घरच्या आहेत,’’ हा भाऊंचा हिशेब. दोन वर्षांपूर्वी वहिनी जिना चढताना मध्येच थांबलेल्या मी पाहिल्या. एक हात भिंतीला, खांदे वर ओढलेले. आई अशीच थांबायची. मी म्हटले, ‘‘वहिनी, जळगावला दाखवून येऊ.’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, माले काई झालं नाही. वय झालं आता.’’

महिनाभर समजूत घातल्यावर आल्या. छातीच्या डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न ऐकून मला भरून आले. त्यांनी विचारले, ‘‘चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?’’ मग त्यांनी स्पायरोमेट्री केली. यंत्र टेबलावर मावेल एवढे. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात, जोराने, संपेपर्यंत फुंकायचे. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचे प्रमाण यंत्र काढते. मग औषधाचा फवारा देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. औषधानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांखाली राहिली, तर वाट कायमची अरुंद झाली असे समजतात. जिने आयुष्यभर फुंकणीने चूल पेटवली, तिला त्या नळीत धड सहा सेकंद फुंकता येईना. तिसऱ्या प्रयत्नाला जमले. सीओपीडी निघाला, फार पुढे गेलेला नव्हता.

डॉक्टरांनी पंप दिला, म्हणजे इनहेलर. घरी आल्यावर दुसरा संसार सुरू झाला. शेजारची एक म्हणाली, पंपाची सवय लागते. दुसरी म्हणाली, पंप म्हणजे शेवटची पायरी. दारी पाहुणे आले की वहिनी पंप पदराआड लपवीत. नातीचे लग्न ठरत होते, घरात दम्याचा रोग आहे असे व्हायला नको! ही लाज किती महाग पडते ते पाहा. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. श्वासातून घ्यायचे औषध नेमके जिथे हवे तिथे, अगदी थोड्या मात्रेत पोचते. आपण मात्र इंजेक्शनला औषध मानतो आणि पंपाला बदनामी.

म्हणून मला काही अगदी साध्या गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली रकान्याची. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक केसपेपरवर ‘धूम्रपान’ या शब्दाखाली ‘चूल : किती वर्षे?’ असे छापा. शाईचा काय तो खर्च. प्रश्न विचारला गेला की डॉक्टरही थांबतो आणि बाईलाही कळते की हे विचारण्यासारखे आहे. दुसरी, रक्तदाबाचे यंत्र जसे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असते, तसे स्पायरोमीटर असावे, आणि ते चालवायला शिकवलेले, धीर देऊन फुंकून घेणारे माणूसही असावे. नुसते यंत्र कपाटात पडून राहते, हे सरकारी खरेदी पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

तिसरी गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गरीब घरांत सिलिंडर पोचले, हे मोठेच काम झाले. पण सिलिंडर घरात असणे आणि तो पेटणे यांत अंतर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या पाड्यांवर रिकामा सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो आणि चूल पेटलेली असते, कारण पुन्हा भरायचे पैसे नाहीत. तिथे सरकारने हात सैल केला पाहिजे. पण ज्यांच्या केळीचे ट्रक उत्तरेला जातात, त्यांच्या पडवीत पऱ्हाट्यांवर पाणी तापते, त्याला गरिबी हे कारण नाही. पऱ्हाट्या फुकट आहेत हा हिशेब चुकीचा आहे. त्यांची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून वसूल होते, म्हणून त्या फुकट वाटतात.

कोणी म्हणेल, आपल्या आज्या चुलीपुढेच नव्वदीपर्यंत जगल्या. जगल्या खऱ्या. ज्या साठीत गेल्या त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, आणि त्यांच्या नावापुढे आपण ‘दमा होता’ म्हणून मोकळे झालो आहोत. डॉ. साळवींसारख्या माणसाने आयुष्यभर काय केले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, त्यांनी एकही चूल विझवली नसेल, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या खोकल्याला नाव आणि कारण मिळवून दिले. वय, नशीब, प्रकृती या तीन शब्दांखाली आपण जे ढकलून देतो, ते उचलून तराजूत टाकणे म्हणजेच संशोधन असते. त्यापुढचे काम आपले आहे.

आमच्या पडवीत आता पाणी तापवायला सौर बंब आहे. भाऊ पहिले सहा महिने रोज कुरकुरले, ढगाळ दिवशी अजूनही कुरकुरतात. वहिनींचा गेलेला श्वास परत आलेला नाही, पण त्या जिना न थांबता चढतात आणि पंप देवघराच्या फळीवर उघडा ठेवलेला असतो.

परवा शेतात भरताची पार्टी झाली. मी काही भरीत सोडलेले नाही. पण जाळ उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला केला आणि वांगी भाजायला पुतण्यांना बसवले. वहिनी लांब आंब्याखाली खुर्चीवर बसून त्यांना सूचना देत होत्या. बाईमाणसाने जाळापासून इतके दूर बसलेले आमच्या शेताने पहिल्यांदाच पाहिले असेल. भरीत थोडे करपले, पण कोणी तक्रार केली नाही.